चाळिसावं नाव

१

सकाळी पावणेसहाला कमल डबा घेऊन बाहेर पडायची. परळच्या एका लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची, आणि लोक उपाशीपोटी लवकर येतात म्हणून तिची ड्युटी पहाटेची. ती गेली की नायगावच्या बीडीडी चाळीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोन पुरुष उरायचे. एक तिचा नवरा हरेश्वर, वय चाळीस, नोकरी सोडून घरी बसलेला. दुसरे त्याचे वडील धोंडू परब, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना नोकरीनेच सोडलं होतं, त्यालाही आता चाळीसच्या वर वर्षं झाली.

चाळ म्हणायची ती सवयीने. टॉवर होणार म्हणून माणसं एकेक करून ट्रान्झिट कॅम्पात गेली, मागे राहिलेल्या दारांवर पत्रे ठोकले. अख्ख्या मजल्यावर तीन दारं जिवंत होती. परबांचं, टोकाच्या सखुबाईचं, आणि संडासाजवळ एका पोलिसाचं, तो कधी दिसायचाच नाही. खोल्यांच्या दोन रांगा आणि मधून बोळ. त्या बोळात भर दुपारी दिवा लागायचा, आणि दिवा उडाला तर तो बदलायला आता कोणी येत नव्हतं.

हरेश्वर खिडकीशी लॅपटॉप उघडून गेम बनवायचा. बारा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गेम बनवल्या, फळं कापायच्या, रंगीत गोळ्या फोडायच्या. ही त्याची स्वतःची, आणि तिच्यात तीन वर्षं गेली होती. एक बंद पडलेली मिल. सकाळचा भोंगा झाला की मेलेले कामगार उठतात आणि दिसेल त्या जिवंत माणसाच्या मागे लागतात. खेळणाऱ्याने आधी आपण कोण ते निवडायचं, साच्यावर म्हणजे मागावर विणणारा साचेवाला, कॅन्टीनचा आचारी, नाहीतर मिलच्या दवाखान्यातली नर्स, आणि मग लपतछपत, हाताला लागेल ते खात तिथे तग धरायचा. नाव ‘पहिली पाळी’. एका कंपनीने सांगितलं होतं, महिनाअखेरीला अर्धा तास खेळता येईल एवढं दाखव, मग बघू. त्या ‘बघू’वर हरेश्वर जगत होता.

बाबांना त्याने हे समजावलं तेव्हा ते कानाशी हात नेऊन म्हणाले, "झोंबी? म्हंजे कुस्ती?"

"कुस्ती नाही हो. झॉम्बी. मेलेली माणसं, पण चालतात."

"मग तसा सांग ना. गिरणगावात तशी रग्गड होती."

बाबा मिलमध्ये बारा वर्षं बदली होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमचा माणूस आला नाही, तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतं काम. आला, तर बदलीने मुकाट घरी जायचं. असं बारा वर्षं गेटवर पाय मोडून ते कायम झाले, आणि त्यानंतर सातव्या महिन्यात संप झाला. "संप अजून चालू हा," ते म्हणायचे. "कोणी मागे घेतल्यान? कागद दाखव." मिलच्या जागेवर चौतीस मजले उभे होते, आणि म्हातारा कागद मागत होता.

हरेश्वरला त्याच्या मेलेल्यांसाठी चाळीस नावं हवी होती. नुसती गर्दी कोणीही दाखवील, आपल्या प्रत्येक मेल्याला नाव पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. तीन दुपारी बाबा डोळे मिटून साचेखात्यातली आपली ओळ सांगत राहिले. राजाराम घाडी. शिवा तेली. विठोबा मेस्त्री. कोण दारूने गेला, कोण छातीने, कोण गावी जाऊन नुसता बसून बसून. एकोणचाळीस झाली आणि बाबा थांबले.

"आणि शेवटच्या साच्यावर?"

"शेवटच्यावर मी."

मेलेल्यांच्या यादीत जित्या बापाचं नाव लिहायला हरेश्वरचा हात धजेना. शिकलेला खरा, पण कोकणातल्या आईच्या हाताखाली वाढलेला तो. जागा रिकामी ठेवली तर प्रोग्राम अडत होता, त्याला चाळीस म्हणजे चाळीस हवेत. मग तिथे त्याने स्वतःचं नाव टाकलं. हरेश्वर धोंडू परब. नंतर बदलू म्हणाला आणि विसरला.

२

भोंगा रघूने करून दिला. रघू त्याचा शाळेपासूनचा दोस्त, भोईवाड्यात राहायचा आणि लग्नाच्या व्हिडिओंना आवाज जोडायचा. मंगळवारी दुपारी तीनला तो भोंगा घेऊन आला, खाटेवर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "चल, उठव तुझ्या मुडद्यांना."

हरेश्वरने गेम सुरू केली. भोंगा झाला. खात्याखात्यांतून मेलेले उठले, आणि खेळणाऱ्याच्या अंगावरून, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, सरळ गेटकडे चालत गेले. तिथे ते एकामागे एक उभे राहिले. हात खाली, मान खाली.

रघू हसत सुटला. "अबे, हे काय? तुझे झॉम्बी रेशनच्या लायनीत उभे आहेत! एकदम डिसिप्लिन! मुंबईत जिवंत माणूस अशी लाईन लावत नाही रे."

"कोडमध्ये काहीतरी गडबड झालीय."

"झालीय तर झालीय, पण मस्त आहे. ठेव."

हरेश्वरने मोजले. एकोणचाळीस. यादीत चाळीस, स्क्रीनवर एकोणचाळीस, आणि रांगेच्या टोकाला एका माणसापुरती जागा सोडलेली. गेट बंद होत नव्हतं. थोड्या वेळाने सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांचे चेहरे हरेश्वरनेच केले होते, सहाच प्रकारचे, तेच तेच उलटसुलट वापरलेले. ते बाहेर बघत राहिले, म्हणजे स्क्रीनमधून खोलीत.

"कोणाची वाट बघतायत?" रघूने विचारलं. आता तो हसत नव्हता.

बाबा दाराजवळ आपल्या खुर्चीत बसले होते. तिथून स्क्रीन दिसत नाही, आणि दिसली असती तरी चष्मा खिशात होता. ते म्हणाले, "माणूस इलो नाय त्यांचो. साचो रिकामो कसो ठेवतले? मुकादम घराक माणूस धाडतलो."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हरेश्वरला झोप लागली. चांगला चहा पिऊन लॅपटॉपसमोर बसलेला माणूस, बसल्या जागी जो गेला तो उठला तेव्हा साडेतीन वाजले होते. खांदे भरून आले होते आणि पोटऱ्यांत गोळे. झोपून उठलेल्या माणसाला येतो तो थकवा नव्हता हा, आठ तास उभं केलेल्या माणसाचा होता.

जागरणं फार झाली, म्हणाला. चाळिशी आली, म्हणाला. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी त्याने मोबाइलवर तीन गजर लावले. बाबा म्हणाले, वाजून वाजून मोबाइल मेला पण तू हललास नाहीस. सात ते साडेतीन, मिनिटाचा फरक नाही. संध्याकाळी कामाला बसावं तर डोळ्यांपुढे अक्षरं पळत, कानात एक खडखड चालू राही, आणि कोणी बोललं तर तो ओरडून उत्तर द्यायचा.

"ओरडताय कशाला? बहिरी नाही मी," कमल म्हणाली. "मी दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या, तुम्ही घरात आठ तास घोरायचं, आणि वर म्हणायचं थकलो! कमाल आहे बाई." पण तिला काळजी वाटली असणार. तिने त्याचं रक्त काढून नेलं, सगळ्या तपासण्या केल्या, आणि दोन दिवसांनी कागद टेबलावर टाकला. "सगळं फर्स्ट क्लास. आळसाची टेस्ट अजून निघाली नाही, नाहीतर तीही केली असती."

त्याच आठवड्यात एका दुपारी तो उठला आणि त्याला ठसका लागला. तोंडात काहीतरी होतं. बोट घालून ओढलं तर पांढरा धागा, ओला, हातभर लांब.

बाबा समोर बसून बघत होते. "तोंडान ओढलंस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"धागो. धोट्यातली कांडी बदलली की नवो धागो धोट्याच्या भोकातून तोंडान ओढूक लागता. चट्कन. हातान करीत बसलो तो नवीन." त्यांनी तो धागा घेतला, चिमटीत फिरवला. "चांगला सूत हा. खंय मिळाला?"

हरेश्वरला धोटा म्हणजे साच्यात इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, एवढंच ठाऊक होतं. तोंडाने धागा ओढतात हे त्याने ना कुठे वाचलं होतं, ना गेममध्ये घातलं होतं. उशीचा असेल, असं तो म्हणाला. पण तो झोपला होता त्या खुर्चीला उशी नव्हती.

४

चार वाजता बोळात सखुबाई भेटली, टमरेल घेऊन, भिंत धरून चाललेली. नवऱ्यामागे एकटी राहणारी म्हातारी, जीभ मात्र तिखट.

"काय रे हरेश, सकाळची तुमच्याकडे एवढी माणसं कसली येतात? लग्न आहे की मयत?"

"आमच्याकडे? कोणी नाही येत, आजी."

"कोणी नाही येत? मग बोळात ओळीने उभे असतात ते माझे सासरे का? मला म्हातारीला संडासाला जायला वाट देत नाहीत. बाजूला व्हा रे मेल्यांनो म्हटलं, तर ढिम्म! मला नीट दिसत नाही, पण वास येतो ना. मशीनच्या तेलाचा."

"किती जण असतात?"

"मी काय मोजत बसू? तुझ्या दारापासून जिन्यापर्यंत."

म्हातारीला दिसत नाही, हरेश्वरने स्वतःला बजावलं. बोळात अंधार. पत्रे काढणारे बिल्डरचे मजूर असतील. सगळं पटण्यासारखं होतं, तरी खोलीत येऊन त्याने कडी घातली.

दुसऱ्या सकाळी कमल गेल्यावर तो बसलाच नाही. रोजचे हेडफोनही कानांत घातले नाहीत. खोलीत येरझाऱ्या घातल्या, दहा दहा मिनिटांनी मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारलं. साडेसहाच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. अनवाणी, सावकाश, पुष्कळ. घाई कसली ती नव्हती. रोजचीच वाट असलेली माणसं चालतात तशी ती बोळातून आली आणि दाराशी थांबली. बाहेर कोणी बोललं नाही, खोकललंसुद्धा नाही. मग दारावर बोटाच्या पेराने दोनदा वाजलं, आणि थोडं थांबून एकदा.

"हरेश्वर धोंडू."

आवाज साधा होता. कंटाळलेला, दिवसाला शंभर नावं घेणाऱ्या माणसाचा. हरेश्वरच्या तोंडातून ‘ओ’ येता येता राहिली. खाटेवरून बाबांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

पावलं गेली नाहीत. ती तिथेच थांबली. बाबा जवळ आले आणि कुजबुजले, "संपात असोच ठोकायचो मुकादम. दोन ठोके, एक ठोको. कामार चल, नाव कापतील, म्हणायचो. दीड वर्ष ठोकीत होतो. घरात पीठ नव्हता, तुझ्या आयशीन सोन्याचे डाग विकल्यान, पण मी दार उघडूक नाय. समोरच्या उत्तमान उघडल्यान. मरेपर्यंत आमी तेच्याशी बोललो नाय." हे सांगताना म्हाताऱ्याची मान ताठ झाली होती. सगळं हातचं गेलेल्या माणसाकडे तेवढं एक उरलं होतं, दार न उघडणं.

"पण हा कोण आहे, बाबा?"

बाबांनी दाराची कडी पुन्हा चाचपून पाहिली. सात वाजले, आणि हरेश्वर मोरीच्या कट्ट्याला टेकून उभ्या उभ्या झोपला.

५

त्या संध्याकाळी हरेश्वरने यादी उघडली आणि चाळिसावं नाव खोडलं. त्याच्या जागी नुसते आकडे टाकले. गेम चालवली. एकोणचाळीस जण रांगेत, टोकाची जागा रिकामी, चेहरे वळलेले. पुन्हा यादी पाहिली तर आकडेच होते. मग वाट कोणाची बघतात? सगळी गेमच पुसून टाकावी, हे त्याला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि तीन वर्षं डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि हात पुढे गेला नाही. खोटं कशाला बोला?

त्याने बाबांना सगळं सांगितलं. लाज वाटत होती, लहानपणी काच फोडून आल्यासारखी.

"शेवटच्या साच्यावर तू तुझा नाव घातलंस?" बाबा म्हणाले.

"तुमचं कसं घालू? तुम्ही जिवंत आहात."

"आणि तू कोण आसस?" बाबा एकदम ओरडले. गेल्या दहा वर्षांत त्यांचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. मग त्यांनी घाम पुसला. हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्या जागेवर तू बदली झालंस, झिला."

"बाबा, गेम आहे ती."

"हां. गेम." त्यांनी मान हलवली. "हजेरीच्या मस्टरवर चढलेला नाव खोडून जात नाय. कायमचो माणूस इलो, की बदलीन घराक जावचा. तेवढोच एक कायदो होतो आमचो, आणि तो मात्र कोणी मोडूक नाय."

मग त्यांनी दाढीसाठी गरम पाणी मागितलं. संध्याकाळचे सात वाजले होते, आणि म्हातारा आरशासमोर उभा राहून, गाल फुगवून, नीट तुळतुळीत दाढी करत होता. हरेश्वर बघत बसला. विचारायला हवं होतं, आत्ता कसली दाढी? पण अंगात विचारण्याचंही त्राण नव्हतं.

६

सकाळी दारावर दोन ठोके पडले, मग एक. हरेश्वर पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडला होता.

"हरेश्वर धोंडू."

बाबांनी कडी काढली. या ठोक्यांना ज्या हाताने ती कधीच काढली नव्हती, त्याच हाताने. दार चार बोटं उघडलं, बोळातला गार तेलकट वास आत आला, आणि बाबा म्हणाले, "धोंडू परब. कायम. हजर हा."

बाहेर कागद चाळल्यासारखा आवाज झाला. बस्स, एवढंच. बाबांनी दार लोटलं, खुर्चीत येऊन बसले, हात मांडीवर ठेवले, आणि सात वाजता त्यांची मान खाली गेली. हरेश्वर उठून बोलला असता. ‘थांबा’ एवढा एक शब्द होता. पण त्याला वाटलं, पाच मिनिटं पडावं, मग बोलावं. तो नऊला उठला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला अंग हलकं वाटलं. भूक लागली होती. बाबा खुर्चीत होते. हाक मारली, हलवलं, जागे झाले नाहीत. श्वास चालू होता.

साडेतीनला त्यांनी डोळे उघडले. कप दोन्ही हातांत धरून चहा प्यायले, कारण एका हातात तो राहीना. भुवयांत कापसाची तुसं अडकली होती.

"राजाराम विचारीत होतो तुका," ते म्हणाले. "तो म्हणालो, पोरगो बरो काम करीत होतो."

"बाबा, उद्या नका जाऊ."

"मग कोण जातलो?"

याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.  हरेश्वरने लॅपटॉप उघडला.

असे अकरा दिवस गेले. रोज सकाळी दोन ठोके, एक ठोका, बाबांचं ‘हजर’. रोज रात्री हरेश्वर ठरवायचा, उद्या मी दार उघडणार. रोज सकाळी पांघरूण नाकापर्यंत ओढायचा. आणि काम असं होत होतं की विचारू नका! तीन वर्षं न सुटलेल्या गाठी अकरा दिवसांत सुटल्या. गेममधले मेलेले आता शहाण्यासारखे वागत होते. भोंग्याला रांग लावत, आत जात, गेट बंद होई, आणि मग कुठे अंधारातून माणसाच्या मागे लागत. रघू फोनवर म्हणाला, "साल्या, जबरी झालंय! ती रांग बघून माझी फाटते." आता रांगेत चाळीस होते. शेवटचा पाठमोरा असायचा, किंचित डाव्या पायावर भार देऊन उभा. तशी उभं राहायची ढब हरेश्वरने कोणालाच दिली नव्हती. कॅमेरा पुढे नेला असता तर तोंड दिसलं असतं. त्याने नेला नाही.

बाबा खुर्चीत लहान लहान होत गेले. जेवण सुटलं. संध्याकाळी ओरडून बोलायचे, मधूनच बोटं तोंडाशी न्यायचे. कमल म्हणाली, "अहो, बाबांचं काहीतरी बिनसलंय. डॉक्टरकडे न्यायला हवं."

"महिनाअखेर होऊ दे, मग नेऊ," हरेश्वर म्हणाला. हे आपल्याच तोंडून बाहेर पडलं, आणि त्याने ते ऐकलं.

७

महिन्याचा शेवटचा दिवस. त्या रात्री तो झोपलाच नव्हता. पाच वाजता उठून त्याने आंघोळ केली, सदरा चढवला. कमलने विचारलं, "कुठे निघालात?" तो म्हणाला, "कुठे नाही." ती गेल्यावर तो दाराशी जाऊन उभा राहिला. खुर्चीत बाबा होते, अजून सात वाजायचे होते तरी मान खाली गेलेली. बरंच झालं, त्याला वाटलं. ते उठायच्या आत आपण जावं. आज तो जाणार होता. हे खरं, अगदी खरं.

जिन्यावर पावलं वाजली. बोळातून आली. थांबली.

दारावर कोणी ठोकलं नाही.

तो थांबला. मिनिट गेलं, दोन गेली. कोणी नाव घेतलं नाही. मग त्यानेच कडी काढली आणि दार उघडलं.

बोळात दिवा नव्हता. पाठी दिसल्या, एकामागे एक, जिन्याच्या दिशेने, बनियनच्या पाठी, घामाने काळ्या पडलेल्या. कोणी वळलं नाही. रांग पुढे सरकायला लागली होती. दारापाशी, त्याच्या हाताच्या अंतरावर, शेवटचा माणूस होता. डाव्या पायावर भार देऊन उभा, केस काळे, मान ताठ. हरेश्वरने तोंड उघडलं. "मी..." एवढंच म्हणाला तो.

शेवटच्या माणसाने मान अर्धी वळवली. गाल दिसला, तुळतुळीत दाढी केलेला.

"तू कित्याक इलंस?" तो रागाने म्हणाला. "मी आसंय मा! जा घराक."

रांग हलली, आणि तोही तिच्याबरोबर चालू लागला. हरेश्वर त्याच्यामागे गेला नाही. चार पावलं होती फार तर. त्याने दार लावलं, कडी घातली, आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. त्याला बरं वाटलं. काय सांगायचं, देवाशपथ, सुटलो असं वाटलं त्याला, शाळा बुडाल्यावर पोराला वाटतं तसं. त्यानंतर तो रडला, पण आधी बरं वाटलं होतं.

खुर्चीकडे न बघता तो लॅपटॉपसमोर बसला. उरलंसुरलं काम संपवलं. दुपारी दोन वाजता गेम कंपनीला पाठवून दिली. मग चहा टाकला, दोन कप, आणि साडेतीनची वाट बघू लागला. साडेतीन वाजले. चार वाजले. एक कप त्याने पिऊन टाकला. दुसऱ्यावर साय धरली.

पाचला कमल आली. चपला काढता काढता तिने खुर्चीकडे पाहिलं, पुढे झाली, सासऱ्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. रोज शंभर माणसांच्या शिरा चाचपणारी बाई ती. तिने दुसरं मनगट धरलं, मग गळ्याला हात लावून पाहिला.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "अहो, बाबा गार पडलेत. तुम्ही घरातच होता ना? केव्हापासून असे आहेत?"

हरेश्वरने मान वर केली नाही.

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "डबल पाळी लागली असेल."